लसीतला विषाणू मेलेला नसतो, हे आईबापांना सांगा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका तरुण वडिलांचा प्रश्न वाचला. मुलगी नऊ महिन्यांची झाली आहे, गोवर-रुबेलाची लस द्यायची आहे, पण या लसीत जिवंत विषाणू असतो असे कुणीतरी सांगितल्यापासून घरात कुणाला झोप नाही, असे त्यांनी लिहिले होते. चार दिवसांनी त्यावर एका वाचकाचे उत्तर छापून आले: घाबरू नका, लसीत मेलेले जंतूच असतात. उत्तर देणाऱ्याचा हेतू चांगला आहे, पण उत्तर चुकीचे आहे. गोवर-रुबेलाच्या लसीतला विषाणू जिवंत असतो. जिवंत असतो म्हणूनच ती लस लागू पडते. ही चूक तशीच राहू नये म्हणून हे पत्र लिहीत आहे. थोडे लांबेल, पण कृपया छापा.

मी १९८५ साली आरोग्यसेविका म्हणून रुजू झाले आणि २०२० साली निवृत्त झाले. सगळी नोकरी जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, डोंगरातल्या वाड्यांवर झाली. नोकरीच्या सुरुवातीला मीही असेच सांगत असे. 'काही नाही गं, ताकदीचं औषध आहे.' एका वाडीवर एका बाईच्या मुलाला गोवराची लस दिली. नवव्या दिवशी ती त्याला कडेवर घेऊन दोन तास चालत उपकेंद्रावर आली. पोराचे अंग तापलेले, कानामागे आणि छातीवर बारीक लाल पुरळ. मला म्हणाली, "बाई, तुम्ही तर म्हणला काही नसतं त्यात. मग हे काय उठलं?"

काय उठले होते ते मला प्रशिक्षणात शिकवलेले होते. लसीतला कमजोर विषाणू अंगात थोडासा वाढतो, शरीर त्याच्याशी लढायला शिकते, आणि त्या झटापटीत सातव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान काही मुलांना ताप येतो, थोड्यांना पुरळ उठते. दोन-तीन दिवसांत जाते. पण हे मी आधी सांगितले असते तर ती माहिती ठरली असती. नवव्या दिवशी सांगितले तेव्हा ती सारवासारव वाटली. तो हंगामभर त्या वाडीत माझी चाहूल लागली की बाया पोरे घेऊन मागच्या दाराने खाचरांत निघून जायच्या. त्यांचे काय चुकले?

म्हणून त्या तरुण वडिलांना मी खरे तेच सांगते. जिवंत विषाणू, पण कसा?

१९५४ साली अमेरिकेत, बोस्टनजवळच्या एका शाळेत गोवराची साथ आली. थॉमस पीबल्स नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या आजारी मुलांचे नमुने घेतले. डेव्हिड एडमन्स्टन या मुलाच्या नमुन्यातून गोवराचा विषाणू प्रयोगशाळेत वाढवता आला. पुढे जॉन एंडर्स यांच्या प्रयोगशाळेत तो विषाणू आधी माणसाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत २४ वेळा, मग गर्भावरणाच्या पेशींत २८ वेळा, मग कोंबडीच्या फलित अंड्यांत आणि शेवटी कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत असा पुन्हा पुन्हा वाढवला. कोंबडीच्या पेशींत जगायची सवय लागता लागता त्याची माणसाला आजारी पाडण्याची ताकद गेली. त्यापासून केलेल्या लसीला १९६३ साली परवाना मिळाला.

वाडीतल्या आयांना मी हे असे सांगत असे. तुमच्या वाडीतला पोरगा पंधरा वर्षे मुंबईला राहिला. गणपतीला गावी आला की चेहरा सगळे ओळखतात, आवाज तोच, चालायची ढब तीच. पण डोंगराची चढण लागली की त्याला धाप लागते, दहा पावलांवर दगडावर बसतो. लसीतला विषाणू तसा आहे. चेहरा खऱ्या गोवराचाच, त्यामुळे शरीर तो चेहरा पक्का लक्षात ठेवते. पण चढण चढायची ताकद राहिलेली नाही. यावर एक म्हातारी मला म्हणाली होती, "म्हणजे खोटं भांडण लावून पोराला खरं भांडण शिकवायचं." मी चाळीस पुस्तके वाचली असती तरी मला इतके नेमके सांगता आले नसते.

आपल्या देशात वापरली जाणारी गोवर-रुबेलाची लस मोठ्या प्रमाणात आमच्याच जिल्ह्यात, हडपसरला सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. तिच्यातला गोवराचा विषाणू त्याच एडमन्स्टनच्या वंशातला, झाग्रेब शहरात आणखी पुढे वाढवलेला. एडमन्स्टन-झाग्रेब असे त्याचे नावच आहे. रुबेलाचा भाग अमेरिकेत फिलाडेल्फियाला स्टॅन्ली प्लॉटकिन यांनी तयार केला, तोही असाच, शरीराच्या तापमानापेक्षा कमी तापमानाला वाढवून थंडीची सवय लावून. थंडीला सरावलेला विषाणू माणसाच्या उबदार अंगात नीट फोफावत नाही.

आता मेलेल्या विषाणूचे. गोवराची मेलेल्या विषाणूची लसही निघाली होती, हे फार कमी लोकांना माहीत असते. १९६३ पासून अमेरिकेत ती दिली गेली. तिची प्रतिकारशक्ती लवकर उतरली, आणि पुढे त्यातल्या काही मुलांना खरा गोवर झाला तेव्हा तो नेहमीपेक्षा वेगळा आणि जास्त त्रासदायक आला. १९६७ मध्ये ती लस बंद केली. तेव्हा गोवराच्या बाबतीत 'मेलेलाच असतो, घाबरू नका' हे वाक्य नुसते चुकीचे नाही. मेलेला विषाणू वापरून पाहून तो सोडून द्यावा लागला होता.

सगळ्याच लसी जिवंत नसतात, हेही सांगायला हवे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना देतात ती पाच आजारांवरची पेंटाव्हॅलंट लस जिवंत नाही, म्हणूनच ती तीनदा द्यावी लागते. पोलिओचे इंजेक्शनही मेलेल्या विषाणूचे. जिवंत आहेत त्या गोवर-रुबेला, पोलिओचे थेंब, रोटाव्हायरसचे थेंब, आणि जन्मल्यावर देतात ती क्षयरोगावरची बीसीजी. बीसीजी विषाणूची नाही, जिवाणूची आहे, पण गोष्ट तीच. काल्मेत आणि गेरँ या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षे बटाट्याच्या फोडींवर पित्त घालून तो जंतू २३० वेळा पुन्हा पुन्हा वाढवला. दंडावरचा बीसीजीचा वण हा त्या तेरा वर्षांच्या चिकाटीचा शिक्का आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

त्या वडिलांनी असेही विचारले होते की नऊच महिने का, मूल जरा मोठे होऊ द्यावे का. याचेही उत्तर विषाणू जिवंत असण्यातच आहे. बाळाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिकारशक्ती काही महिने असते. ती कमजोर विषाणूला वाढूच देत नाही, म्हणून फार लवकर दिली तर लस फुकट जाते. फार उशिरा दिली तर मधल्या काळात खरा गोवर गाठतो. एका रुग्णापासून बारा ते अठरा जणांना होऊ शकणारा हा आजार आहे, आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्याचा विषाणू तिथल्या हवेत राहतो. नवव्या महिन्यात दिलेली लस शंभरातल्या सुमारे ८५ मुलांना लागू पडते. उरलेल्यांसाठी सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा डोस. हा दुसरा डोस आपल्याकडे २०१० पासून सुरू झाला. त्याआधीच्या पंचवीस वर्षांत तो नव्हता, आणि त्याची किंमत मी पाहिली आहे.

जिवंत वस्तू म्हटली की तिला जगवावे लागते. इतिहासातले एक उदाहरण देते. १८०२ साली देवीची लस मुंबईत आली. तेव्हा बर्फाची पेटी नव्हती, फ्रिज नव्हता. बगदादहून बसरा, बसऱ्याहून जहाजाने मुंबई असा प्रवास ती लस माणसांच्या दंडांवरून करत आली. एकाला टोचायचे, आठवड्याने त्याच्या फोडातला द्रव घेऊन पुढच्याला टोचायचे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस दिली गेली आणि ती लागू पडली. हिंदुस्थानातले ते पहिले लसीकरण. तिच्या दंडावरच्या एका फोडातून पुढे देशभर लस गेली. मधला एक माणूस जरी फसला असता तरी साखळी तुटली असती.

आमची साखळी बर्फाची होती. लसीकरणाच्या दिवशी सकाळी डीप फ्रीझरमधून आइसपॅक काढून टेबलावर ठेवायचे. लगेच कॅरियरमध्ये, म्हणजे लस न्यायच्या डब्यात, भरायचे नाहीत, कारण कडक गोठलेल्या पॅकने पेंटाव्हॅलंटसारख्या लसी गोठून वाया जातात. पॅकला घाम सुटला की एकेक पॅक कानाशी धरून हलवायचा. आत पाणी खळखळले की तो तयार. मी हजारो वेळा ते पॅक कानाशी धरले असतील. हिवाळ्यात कान बधिर व्हायचा. कॅरियरमध्ये चारी बाजूंनी चार पॅक, मधे लसी, आणि त्यांच्यासोबत गोवराचे डायल्युएंटही, म्हणजे लस विरघळवायचे पाणी, तितकेच थंड. गोवराच्या बाटलीत द्रव नसतो, तळाशी पिवळसर पांढरी चिमूटभर वडी असते. ती डायल्युएंटमध्ये विरघळवायची. डायल्युएंट कोमट असेल तर विषाणू तिथेच मरतो. विरघळवल्यापासून चार तास, त्यानंतर बाटली टाकून द्यायची. तिच्यात जंतुनाशक घालता येत नाही, कारण ते विषाणूलाही मारेल. म्हणून उशीर झाला तर दोन्हीकडून नुकसान. आतला विषाणू मरतो आणि बाहेरचे जंतू शिरतात.

हे सगळे मला ठाऊक असूनही माझ्या हातून एक गोष्ट झाली, ती मी आजवर कुठे लिहिलेली नाही.

१९९१ चा मे महिना. त्या काळी वरून सतत विचारणा असायची की डोस वाया किती गेले. माझ्या वरिष्ठांनी बजावले होते, बाटली फोडली की तिच्यातले सगळे डोस लागले पाहिजेत. त्यांचे किंवा केंद्राचे नाव मी लिहीत नाही, आता त्याला अर्थ नाही. सकाळी दहाला पहिल्या वाडीवर बाटली विरघळवली. तिथे दोनच मुले. काचेच्या सिरिंज, रॉकेलचा स्टोव्ह, उकळायचे भांडे, सगळे पाठीवर घेऊन मी उन्हातून दुसरी वाडी केली, मग तिसरी. तिसऱ्या वाडीवर पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. कॅरियर उघडले तर पॅकमधल्या बर्फाचे कोमट पाणी झालेले. बाटलीत लस उरली होती. बाया मुलांना घेऊन अंगणात बसल्या होत्या, रोजगार बुडवून थांबलेल्या. मी ती लस टोचली. कार्डावर खूण केली, तारीख घातली.

सव्वादोन वर्षांनी त्या वाडीत गोवर आला. सहा मुले आजारी पडली. रिवाजाप्रमाणे दारात कडुलिंबाचा पाला, घरात फोडणी बंद, 'आई आली आहे, बाहेर पडू द्या' म्हणून दवाखान्याला नकार. मी पोचले तोवर एका मुलीच्या छातीत न्यूमोनिया भरला होता. तिला खाली आणता आणता ती गेली. तीन वर्षांची होती. दहाव्याला मी भेटायला गेले तेव्हा तिच्या आईने ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कार्ड काढून माझ्यासमोर धरले. "तुमचंच अक्षर आहे ना बाई?" एवढेच विचारले. माझेच अक्षर होते.

ती शंभरातल्या त्या पंधरा जणांतली असेल, ज्यांना नीट दिलेली लसही लागू पडत नाही. की उन्हात मेलेले पाणी मी तिच्या दंडात टोचले होते? हे मला कधीच कळणार नाही. पण त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी चार तास झालेली बाटली कुणाच्याही सांगण्यावरून वापरली नाही. कारणे दाखवा नोटीस मिळाली तरी नाही.

पुढे सोयी आल्या. एकदाच वापरायच्या सिरिंज आल्या. बाटलीच्या टोपणावर गोलातला चौकोन आला, उष्णता लागली की तो गडद होत जातो, त्यामुळे न उघडलेली लस तापली आहे का ते डोळ्यांना दिसू लागले. नियमही बदलला, एक मूल आले तरी बाटली उघडायची, डोस वाया गेले तरी चालतील. तरीही आजही काही ठिकाणी 'पाच मुले जमू द्या, मग या' म्हणून आईला परत पाठवतात, असे मला ओळखीच्या बाया सांगतात. एक दिवसाची मजुरी बुडवून आलेली बाई दुसऱ्यांदा येईलच असे नाही. संपादक महाराज, याची आपल्या वार्ताहरांनी जरूर चौकशी करावी.

खरे सांगायचे तर पुरते सांगायला हवे. कमजोर केलेला विषाणू पुन्हा बळ धरतो का? गोवराच्या लसीतून गोवराची साथ पसरल्याचे उदाहरण नाही. पोलिओच्या थेंबांची गोष्ट वेगळी. तो विषाणू आतड्यात वाढतो, शौचावाटे बाहेर पडतो, आणि जिथे बरीच मुले लसीविना राहिलेली असतात तिथे एकाकडून दुसऱ्याकडे जाता जाता क्वचित पुन्हा घातक होऊ शकतो. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार, आणि यातला मोठा वाटा दोन नंबरच्या प्रकाराचा होता. म्हणून २५ एप्रिल २०१६ रोजी देशभर एकाच दिवशी जुने थेंब काढून दोन नंबर वगळलेले थेंब आणले, आणि मेलेल्या विषाणूचे इंजेक्शनही जोडीला दिले. त्या दिवशी जुन्या बाटल्या मोजून परत करताना माझ्या मनात त्या थेंबांविषयी कृतज्ञताच होती. त्याच थेंबांनी या देशातला पोलिओ संपवला. नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये सापडला. आमच्या वाड्यांवर पायात कॅलिपर घालून चढण चढणारी माणसे माझ्या वयाची आहेत, माझ्या नातवाच्या वयाचे कुणी नाही.

आणि ही लस कुणाला देऊ नये, हेही लपवायचे कारण नाही. गरोदर बाईला नाही. रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेल्या, किंवा बरेच दिवस मोठ्या प्रमाणात स्टेरॉइड घेणाऱ्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, कारण तिथे शरीरच कमजोर विषाणूला आवरू शकत नाही. अशा मुलांचे रक्षण भोवतालच्या मुलांनी लस घेतल्यानेच होते. साधी सर्दी, किरकोळ खोकला, दात येणे यांसाठी मात्र लस पुढे ढकलू नये.

२७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम सुरू झाली, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंत सगळ्यांना. व्हॉट्सॲपवर काय काय फिरत होते ते आपणांस आठवत असेल. माझ्या वाट्याच्या एका शाळेत पहिल्या दिवशी निम्मा वर्ग गैरहजर. शिक्षक म्हणाले, साधे इंजेक्शन आहे म्हणून सांगू. मी नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी पालकांना बोलावले, रिकामी बाटली हातात दिली, आत काय होते आणि नवव्या दिवशी काय होऊ शकेल ते फळ्यावर लिहून दाखवले. एकाने विचारले, "मग तुमच्या नातवाला दिली का?" दिली होती, आदल्या दिवशी. नातवाचे बोट धरून उभा केला. तिसऱ्या दिवशी वर्ग भरला. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीला, मालेगावला, भिवंडीला गोवराने मुले दगावली, तेव्हा मी निवृत्त होते. टीव्हीसमोर बसून राहवेना. तिथे दारोदार फिरणाऱ्या मुलींनी पालकांशी काय बोलावे हे त्यांना कुणी शिकवले असेल का, एवढेच मनात येत होते.

आरोग्य खात्याला माझी एक विनंती आहे. लस दिल्यावर आईला चार गोष्टी सांगायचा नियम आहे: कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुढे कधी यायचे, कार्ड जपून ठेवायचे. त्यात गोवर-रुबेलाच्या वेळी पाचवी घाला. ही लस जिवंत आहे, कमजोर केलेली आहे, आणि ताप आला तर आज-उद्या नाही, आठवड्यानंतर येईल. हे सांगायला अर्धा मिनिट लागतो. नव्या मुलींना हे त्यांच्या भाषेत बोलायचा सराव द्या, नुसते पत्रक देऊ नका.

आणि त्या वडिलांना. भाऊ, तुमची भीती खोटी नाही, तुम्हाला मिळालेली माहितीही खोटी नाही, फक्त अर्धी आहे. मुलीला घेऊन जा, कार्ड सोबत असू द्या. सिस्टरना विचारा, बाटली किती वाजता विरघळवली. विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि चांगली सिस्टर रागावणार नाही, बाटलीवर लिहिलेली वेळ दाखवेल. इंजेक्शन उजव्या दंडावर देतील, सोबत अ जीवनसत्त्वाचा डोस तोंडाने पाजतील. अर्धा तास तिथेच बसा. मग घरी जाऊन कॅलेंडरवर आठव्या आणि नवव्या दिवसाभोवती गोल करून ठेवा. त्या दिवसांत अंग तापले तर कपडे हलके ठेवा, दूध-पाणी चालू ठेवा, तापाचे औषध सिस्टरनी सांगितले तेवढेच द्या. ताप फार चढला, दोन-तीन दिवसांत उतरला नाही किंवा मूल दूध घेईना झाले तर दवाखाना गाठा. दुसऱ्या डोसची तारीख कार्डावर त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. जुन्नर, जि. पुणे